बाटलीतलं जंगल : डॉ. नॅथॅनियल वार्ड

टपरीवर कटिंग घेताना शोधांच्या गप्पा निघाल्या की नावं ठरलेली असतात. वॅट, एडिसन, टेस्ला! मला मात्र आज अशा माणसाबद्दल लिहायचंय, ज्याचा शोध म्हणजे एक लाकडी पेटी आणि चार काचा. गिअर नाही, सर्किट नाही. पण हातातल्या त्या चहाशीसुद्धा या पेटीचं नातं आहे.

नॅथॅनियल बॅगशॉ वार्ड यांचा जन्म १७९१चा, लंडनचा. वडील डॉक्टर. तेराव्या वर्षी त्यांना जहाजाने जमैकाला पाठवलं. तिथली ताडाची झाडं आणि नेचे पाहून पोरगं वेडंच झालं! पुढे तेही डॉक्टर झाले आणि लंडनच्या गोदीजवळ, वेलक्लोज स्क्वेअरमध्ये प्रॅक्टिस करू लागले. झाडांचं वेड काही सुटलं नाही. घरामागे दगड रचून त्यांनी नेचे लावले, पाणी झिरपायची सोय केली. पण आजूबाजूला कारखाने. त्या धुरात एकेक नेचा मरत गेला.

१८२९ साली एका पतंगाचा कोष फुटताना बघायचा म्हणून त्यांनी तो दमट मातीसकट बाटलीत ठेवला आणि झाकण लावलं. पतंगाचं राहिलं बाजूला, त्या मातीतून एक नेचा आणि गवताचं एक पातं वर आलं! बाहेर हजार लाड करूनही जे जगत नव्हतं, ते बाटलीत आपोआप जगत होतं. जवळजवळ चार वर्षं ती जोडी पाणी न घालता टिकली. शेवटी झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत गेलं आणि खेळ संपला.

यामागचं तत्त्व आपल्याला शाळेपासून माहीत आहे. दिवसा उष्णतेने मातीतलं आणि पानांतलं पाणी वाफ होऊन वर जातं, काचेवर गार होऊन त्याचे थेंब बनतात आणि पुन्हा मातीत उतरतात. धूर बाहेर, ओल आत. मायकेल फॅरडेसारख्या शास्त्रज्ञाने १८३८ साली या पेट्यांवर व्याख्यान दिलं होतं, बोला!

खरी परीक्षा समुद्रावर झाली. तोवर जहाजावरची झाडं खारे तुषार आणि गोड्या पाण्याची टंचाई यांनी मरायची. १८३३ साली वार्डनी दोन पेट्या भरून सिडनीला पाठवल्या. झाडं सुखरूप पोचली. फेब्रुवारी १८३४मध्ये त्याच पेट्या ऑस्ट्रेलियातली झाडं घेऊन निघाल्या, तेव्हा तिथे ३२ अंशांच्या वर ऊन होतं. केप हॉर्नला पारा शून्याखाली सुमारे ७ अंश, डेकवर फूटभर बर्फ! पुढे रिओला पुन्हा उकाडा आणि शेवटी लंडनची थंडी. वाटेत कुणी पाणी घातलं नाही, तरी नाजूक नेचे हिरवेगार उतरले. हॅकनेच्या लॉडिजेस नर्सरीचा अनुभव असा, की पूर्वी वीसपैकी एकोणीस झाडं मरायची, आता वीसपैकी एकोणीस जगू लागली.

वार्डनी पेटंट घेतलं नाही. १८४२ साली पुस्तक लिहून सगळी युक्ती जगाला सांगून टाकली. शहरातल्या गरिबाच्या खिडकीतही हिरवाई यावी, हा त्यांचा ध्यास होता. १८४५मध्ये इंग्लंडमध्ये काचेवरचा कर उठला आणि पेट्या आणखी स्वस्त झाल्या.

पण पेटी मोठ्यांच्याही हाती गेली. रॉबर्ट फॉर्च्यूनने १८४८ ते १८५१ या काळात चीनमधून चहाची हजारो रोपं तिच्यातून हिमालयाच्या पायथ्याशी आणली. १८६०नंतर दक्षिण अमेरिकेतला सिंकोना, म्हणजे मलेरियावरच्या क्विनीनचं झाड, निलगिरीत आला. १८७६ साली ब्राझीलच्या रबराची सुमारे १९०० रोपं लंडनहून सिलोनला गेली. ब्रिटिश साम्राज्याचे मळे उभे राहिले. मूळ देशांची मक्तेदारी मोडली. मातीबरोबर कीड आणि रोगही देशोदेशी गेले.

मला वार्ड भावतात ते इथेच. क्विनीनने जीव वाचवले आणि त्याच पेटीने मळेवाल्यांच्या तिजोऱ्याही भरल्या. पेटी कुणाची बाजू घेत नाही. ज्याच्याकडे जहाजं, त्याच्यासाठी ती राबते. उद्या आपण डिझाइन करू त्या वस्तूंचंही हेच होणार. म्हणून ड्रॉइंगवर सही करताना, ही कोण कशासाठी वापरेल, एवढा प्रश्न स्वतःला विचारायला काय हरकत आहे?

१८६८ साली वार्ड गेले. दक्षिण आफ्रिकेतल्या एका मॉसला ‘वार्डिया’ हे नाव मिळालंय. खिडकीत झाड टिकत नसेल तर त्यांची आठवण काढा आणि बरणीत ओली माती घालून एक लहानसा नेचा लावून बघा. फक्त ती थेट उन्हात ठेवू नका, नाहीतर आपल्याकडच्या एप्रिलमध्ये त्याची भाजी होईल!