डॉ. मारिया माँटेसरी

इटली देशात अँकोना शहरानजीक किआराव्हाले नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे ३१ ऑगस्ट १८७० रोजी मारिया माँटेसरी यांचा जन्म झाला. वडील सरकारी नोकरीत होते. पुढे हे कुटुंब रोम येथे राहावयास गेले. मारियाला लहानपणापासून गणिताची विलक्षण गोडी. अभियंता व्हावे, या इच्छेने तेराव्या वर्षी तिने तांत्रिक शाळेत प्रवेश घेतला. अशा शाळेत बहुधा मुलगेच जात. पुढे तिचे मन वैद्यकाकडे वळले. स्त्रीने डॉक्टर व्हावे, ही गोष्ट त्या काळी अनेकांना रुचणारी नव्हती. मुलग्यांच्या समवेत शवविच्छेदन करण्याची तिला मनाई होती. म्हणून सर्वजण निघून गेल्यावर ती एकटीच ते काम करी. अखेर १८९६ साली तिने वैद्यकाची पदवी मिळविली.

रोम विद्यापीठाच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काम करीत असता मारियाबाईंना वेड्यांची इस्पितळे पाहावी लागत. तेथे काही मुलेही कोंडलेली असत. ती वेडी नव्हती. त्यांची बुद्धी मंद आहे, एवढाच त्यांचा अपराध. त्यांच्या हाताला काम नव्हते, खेळावयास वस्तू नव्हत्या. या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची अधिक गरज आहे, असे मारियाबाईंच्या मनाने घेतले. इतार व सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचे ग्रंथ त्यांनी लक्षपूर्वक अभ्यासिले. १९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी शाळा निघाली, तेव्हा त्या दिवसभर मुलांना शिकवीत आणि रात्री टिपणे लिहीत बसत. ज्यांची आशा सर्वांनी सोडली होती, त्यांतील काही मुले लिहावाचावयास शिकली व इतर मुलांबरोबर परीक्षेस बसून उत्तीर्ण झाली!

लोकांनी बाईंची वाहवा केली. परंतु बाईंच्या मनाला एक वेगळाच प्रश्न जाचू लागला. दुबळी म्हटलेली मुले जर इतके करू शकतात, तर धडधाकट मुले शाळेत मागे का पडतात? उणीव मुलांत आहे की शिकविण्याच्या रीतीत? त्या काळी मुलांना जमिनीशी जखडलेल्या बाकांवर निमूट बसवीत आणि आकडे तोंडपाठ करून घेत. आकडा जिभेवर येई, पण त्याचा अर्थ मनात उतरत नसे.

६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बाईंनी 'बालगृह' उघडले. कामकऱ्यांची सुमारे पन्नास मुले तेथे येऊ लागली. त्यांना मोजणे शिकविण्यासाठी बाईंनी लाकडी दांड्या वापरल्या. सर्वांत लहान दांडी दहा सेंटिमीटरांची, सर्वांत मोठी एक मीटरची. दांड्यांवर तांबडे व निळे पट्टे. दांड्या क्रमाने मांडल्या की जिना तयार होई. एखादी दांडी चुकीच्या जागी पडली, तर जिनाच बिघडे. मुलाला आपली चूक आपल्याच डोळ्यांनी दिसे. त्यासाठी कोणी रागे भरावयास नको. खरखरीत कागदाचे आकडे करून त्यांवरून मुलांची बोटे फिरवून घेतली जात. शून्य शिकविण्याची युक्ती तर फारच गमतीची होती. बाई एखाद्या मुलाला आपल्याकडे शून्य वेळा यावयास सांगत. मूल धावत येई आणि परत जाई. मग त्याला उमगे, की शून्य वेळा येणे म्हणजे जागचे न हलणे!

पुढे त्यांच्या शाळांत सोनेरी मणी आले. एक सुटा मणी म्हणजे एकक. दहा मण्यांची कांडी म्हणजे दशक. दहा कांड्यांचा चौरस म्हणजे शतक. आणि दहा चौरसांचा घन म्हणजे सहस्र. सत्तावीस व पस्तीस यांची बेरीज करावयाची, तर मुले दोन्ही संख्यांचे मणी एकत्र करीत. सुटे मणी बारा भरत. त्यांतील दहा देऊन एक कांडी घ्यावयाची, दोन मणी उरवावयाचे. आता कांड्या झाल्या सहा. उत्तर बासष्ट. 'हातचा एक' हा खरोखरीच हाती येई. ज्याला हे एकदा करून कळत नसे, तो दहादा करी. कोणी त्याची घाई करीत नसे, कोणी त्याला हसत नसे. निरनिराळ्या वयांची मुले एकाच वर्गात असल्यामुळे मोठी मुले लहानांना आपण होऊन मदत करीत.

या पद्धतीची कीर्ती देशोदेशी पसरली. परंतु इटलीत मुसोलिनीची हुकूमशाही आली. तिच्याशी बाईंचे जमले नाही, आणि तेथील त्यांच्या शाळा बंद झाल्या. १९३९ साली बाई मद्रासजवळील अड्यार येथे शिक्षकांना शिकविण्यासाठी आल्या. पुढल्याच वर्षी इटली ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरली. तेव्हा ब्रिटिश सरकारने त्यांना अड्यारच्या आवाराबाहेर जाण्यास बंदी केली आणि त्यांचे पुत्र मारिओ यांना अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, स्थानबद्ध केले. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी मारिओंची सुटका झाली. त्या संकटातही बाईंचे शिकविणे थांबले नाही. भारतातील शेकडो शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले.

त्या भारतात येण्यापूर्वीच गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी त्यांचे विचार येथे रुजविले होते. ताराबाईंनी पुढे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी व कोसबाड येथे गरिबांच्या मुलांसाठी बालवाड्या चालविल्या आणि महागड्या साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या साध्या वस्तू वापरल्या.

६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये डॉ. माँटेसरी यांचे देहावसान झाले. मूल मागे पडले, की दोष मुलाला देण्याची जगाची रीत होती. बाईंनी आधी साधन तपासले, शिकविण्याची पद्धत तपासली आणि मग मुलाला पुरेसा वेळ दिला. गणित न येणाऱ्या सोबत्याला आपण 'ढ' म्हणतो, तेव्हा त्याच्या हातात मूठभर चिंचोके देऊन त्याच्याजवळ घटकाभर बसण्याचे काम मात्र राहूनच जाते.