आणखी पाच गोळ्या

एनसीसीच्या नेमबाजीत माझ्या पाचही गोळ्या टार्गेटबाहेर गेल्या होत्या, हे आपल्या बॅचला नक्की आठवत असेल! त्यामुळे जिम कॉर्बेटचं लहानपण वाचताना तो मला आपल्याच वर्गातला वाटला.

१८७५ साली नैनितालला जन्म, वडील लवकर गेलेले. दहाव्या वर्षी शाळेच्या कॅडेट पथकातून तो पाहुण्या अधिकाऱ्यांसमोर नेमबाजीला उभा राहिला आणि गडबडला. त्यांच्यातल्या एकानं शांतपणे धीर दिला, घाई करू दिली नाही. ते पुढे फील्ड मार्शल झालेले रॉबर्ट्स. नंतर जिमला सरावासाठी पॉइंट ४५० बोअरची मार्टिनी रायफल मिळाली. अट एवढीच, की रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकामी काडतुसं परत आणायची. खांद्याला जबर धक्का देणारी ती रायफल घेऊन तो पोरगा जंगलात हिंडला. १९०७ मध्ये ४३६ बळी घेतलेली चंपावतची वाघीण त्यानं मारली. पुढे मात्र तो बंदुकीपेक्षा कॅमेऱ्यात रमला. १९५५ मध्ये केनियात तो गेला.

सर, त्या दिवशी तुम्ही रागावला नाहीत, आणखी पाच गोळ्या दिल्यात. एक लागली. आज टीममधल्या नवख्या मुलीचा कोड तिसऱ्यांदा फसला, की मी तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसते.