हॅरी नेल्सन पिल्सबरी

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ५ डिसेंबर १८७२ रोजी जन्मलेले पिल्सबरी १८९५ साली इंग्लंडमधील हेस्टिंग्जच्या बुद्धिबळ स्पर्धेत उतरले, तेव्हा युरोपला ते जवळजवळ अपरिचित होते. पहिलाच डाव ते हरले. पुढच्या डावात जर्मनीच्या टाराश यांची प्यादी वजिराच्या बाजूने चाल करून आली. आपली ती बाजू जेमतेम सांभाळीत पिल्सबरींनी पटाच्या मध्यावर प्याद्यांच्या आधाराने घोडा रोवला व राजावर निकराचा हल्ला चढवून डाव जिंकला. लास्कर, स्टाइनिट्झ यांसारख्या धुरंधरांना मागे टाकून प्रथम क्रमांकही पटकावला. जगज्जेतेपदाची लढत मात्र त्यांच्या वाट्यास आली नाही. दुर्धर व्याधीने १७ जून १९०६ रोजी, अवघ्या ३३ व्या वर्षी, त्यांचा आयुष्याचा डाव संपला.