बाबासाहेब आणि त्यांचे वडील

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे आपल्या देशाच्या घटनेचे शिल्पकार. हे आपल्या सर्वांना माहीत आहे. पण त्यांना पहाटे अभ्यासाला कोण उठवायचं, ते मला फार आवडलं. म्हणून मी तेच लिहिते.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडिलांचे नाव रामजी व आईचे नाव भीमाबाई. लहानपणी त्यांना भीम म्हणत. तो आईवडिलांचे चौदावे मूल. वडील पलटणीत सुभेदार होते आणि पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापकही होते. भीम लहान असतानाच साताऱ्याला त्याची आई वारली. मग मीरा आत्याने त्याला सांभाळले. तेव्हा लोक शिवाशिव पाळीत. शाळेत भीमाला घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. नळाला हात लावता येत नसे. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी मिळे. तरी वडिलांनी त्याची शाळा सोडवली नाही.

पुढे सगळे मुंबईला परळच्या चाळीत राहायला गेले. भीम एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागला. तेव्हा तो तेरा-चौदा वर्षांचा होता. घर म्हणजे एकच खोली. त्यातच चूल, सरपण, भांडी आणि माणसं. अभ्यासाला जागाच नाही! मग वडिलांनी युक्ती काढली. ते भीमाला लवकर झोपवायचे आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहायचे. दोनला त्याला उठवायचे, मग आपण झोपायचे. भीम दिव्याच्या उजेडात वाचत बसायचा. वडील हेच त्याचे गजराचे घड्याळ!

वडील त्याला इंग्रजी आणि भाषांतरही शिकवायचे. भीमाला पुस्तकांचा भारी नाद. पेन्शनीत भागत नसे. मग वडील लग्न झालेल्या लेकींकडे जायचे. उसने पैसे मागायचे. लेकीजवळ पैसे नसले तर तिचा दागिना गहाण ठेवायचे आणि पेन्शन आली की सोडवून द्यायचे. पण पुस्तक आणायचेच.

१९०७ साली भीम मॅट्रिक पास झाला. त्याचा सत्कार झाला. केळुसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धाचे चरित्र भेट दिले. १९१२ साली तो बी.ए. झाला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील वारले. त्याच वर्षी बाबासाहेब बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला शिकायला गेले. आपला भीम डॉक्टर झालेला वडिलांना बघायला मिळाला नाही. याचं मला फार वाईट वाटलं. पण बाबासाहेब विसरले नाहीत. १९२३ साली त्यांचे रुपयाविषयीचे मोठे इंग्रजी पुस्तक निघाले. ते त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

माझी ताई यंदा दहावीला आहे. हायस्कूल दुसऱ्या गावाला आहे. आई पहाटे उठून तिचा डबा करते. बाबा अंधारात तिला फाट्यापर्यंत एस.टी.ला सोडायला जातात. बाबांना इंग्रजी येत नाही, पण ताई वाचत असली की ते टी.व्ही. लावू देत नाहीत. काही लोक म्हणतात, पोरीला आता घरी बसवा. बाबा ऐकत नाहीत.

आज शाळेत आलेल्या सर्व पालकांना माझी विनंती आहे. मोठ्या मुलामुलींची शाळा सोडवू नका. पुस्तकाला पैसे कमी पडले तर पडू देत, पण त्यांना पहाटे अभ्यासाला उठवा. एवढं केलं तरी पुष्कळ आहे.