उन्हातून गोडे पाणी काढणाऱ्या मारियाबाई

चुलीवर मिठाचे पाणी उकळत ठेवावे आणि वर ताट झाकावे. थोड्या वेळाने ताट उचलले की आतल्या बाजूला थेंब लोंबताना दिसतात. ते थेंब खारट लागत नाहीत. मीठ खाली पातेल्यातच राहते, वाफ तेवढी वर जाते. ह्याच साध्या नियमावर एका बाईने समुद्रात अडकलेल्या माणसांसाठी पाण्याची सोय केली. त्यांचे नाव मारिया टेल्केस.

मारियाबाईंचा जन्म १२ डिसेंबर १९०० रोजी हंगेरी देशातील बुडापेस्ट शहरी झाला. शाळेत असतानाच त्यांना सूर्याच्या उष्णतेचे भारी कुतूहल होते. त्या काळी मुलींनी विज्ञान शिकणे फारसे रूढ नव्हते. तरी त्यांनी नेटाने अभ्यास केला आणि १९२४ साली डॉक्टर ही पदवी मिळवली. पुढच्याच वर्षी त्या अमेरिकेला गेल्या व तिथेच राहिल्या.

पुढे दुसरे महायुद्ध पेटले. जहाजे बुडत, विमाने समुद्रात पडत. वाचलेली माणसे छोट्या तराफ्यावर दिवसेंदिवस तरंगत राहात. भोवती सगळे पाणीच, पण ते प्यावे तर तहान आणखी वाढते आणि माणूस दगावतो. चूल पेटवायला तराफ्यावर लाकूड कुठले? मारियाबाईंनी विचार केला, डोक्यावर सूर्य तर आहे ना!

त्यांनी पारदर्शक प्लॅस्टिकची, फुगवता येणारी पिशवी बनवली. आत काळे, पाणी शोषणारे कापड ठेवले. त्यावर समुद्राचे पाणी ओतायचे आणि पिशवी तराफ्याशेजारी तरंगत ठेवायची. काळा रंग ऊन चटकन ओढून घेतो. कापड तापते, पाण्याची वाफ होते, ती थंड प्लॅस्टिकला लागून तिचे थेंब होतात व ओघळून खाली बाटलीत जमतात. चांगले ऊन असले की दिवसाला सुमारे एक लिटर गोडे पाणी मिळे. एक लिटर म्हणजे काही फार नाही, पण एका माणसाचा जीव तगायला तेवढे पुरे. वाईट एवढेच, की कारखान्यातून ह्या पिशव्या निघायला फार उशीर झाला. तोवर युद्ध संपत आले होते.

मारियाबाई थांबल्या नाहीत. १९४८ साली अमेरिकेतील डोव्हर गावी त्यांनी फक्त उन्हावर ऊबदार राहणारे घर उभे केले. पहिले दोन हिवाळे बरे गेले. पुढे उष्णता साठवणारे क्षार बिघडले आणि तो प्रयोग फसला. लोकांनी नावे ठेवली. पण बाई खचल्या नाहीत. नंतर त्यांनी गोरगरिबांसाठी सूर्यचूल तयार केली. १९५२ साली अमेरिकेतील महिला इंजिनिअरांच्या संस्थेने आपला पहिला पुरस्कार त्यांनाच दिला. २ डिसेंबर १९९५ रोजी, जन्मगावी बुडापेस्टलाच, त्यांनी डोळे मिटले. पंचाण्णव वर्षे पुरी व्हायला अवघे दहा दिवस राहिले होते.

आज जिथे वीज नाही आणि विहिरीचे पाणी खारे, अशा दूरच्या वस्त्यांवर हीच रीत कामी येते. काळ्या तळाची पेटी, वर तिरकी काच, बस्स. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद पेटी कडक उन्हात दिवसाला तीन-चार लिटर पाणी देते. घरातली माणसे जास्त असतील तर पेट्या जास्त लागतात. मात्र सरपण लागत नाही की रॉकेल लागत नाही.

मित्रांनो, तुम्हीही करून पाहा. घमेल्यात मिठाचे पाणी घ्या, मधोमध रिकामी वाटी ठेवा. वरून प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधा आणि वाटीच्या बरोबर वर एक खडा ठेवा. दिवसभर उन्हात असू द्या. संध्याकाळी वाटीत थोडेसेच पाणी दिसेल. ते पाहिले म्हणजे कळेल, की हंडाभर पाणी किती मोलाचे असते. म्हणून ते सांडू नका.

– इयत्ता ७ वी