राजरत्न प्रोफेसर माणिकराव : पाटी गुरूंची, काम शिष्यांचे

आपल्या बडोद्यात दांडिया बाजाराकडे जाताना एखाद्या जुन्या रिक्षावाल्याला ‘माणेकरावचा अखाडा’ एवढेच सांगितले तरी पुरते. संस्थेच्या पाटीवर मात्र नाव वेगळे आहे : श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर. ज्यांनी हा आखाडा देशभर पोहोचवला, त्या माणिकरावांनी पाटीवर आपले नव्हे, आपल्या गुरूंचे नाव ठेवले. आपल्या मंडळातील नव्या पिढीने हे नाव ऐकलेले असते, पण या गृहस्थांनी नेमके काय केले हे विचारले की बहुतेक जण ‘मोठे पहिलवान होते’ इथे थांबतात. पहिलवान ते होतेच, पण आमच्या मते त्यांची खरी कामगिरी शिक्षकाची आहे.

गजानन यशवंत माणिकराव यांचा जन्म १८७८ सालचा. त्यांचे गुरू जुम्मादादा हे बडोद्यातील नावाजलेले मुसलमान उस्ताद. त्यांनी या हिंदू मुलाला आपला शिष्य केले, कुस्ती, मल्लखांब, लाठी आणि शस्त्रांची विद्या दिली आणि पुढे आखाडाही त्याच्याच हवाली केला. जुम्मादादांच्या नावाच्या या संस्थेचा गणेशोत्सव शहरातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक गणेशोत्सवांपैकी एक गणला जातो. याचे त्या काळी कोणाला नवल वाटले नसावे. संगीतात काय आणि आखाड्यात काय, विद्या ज्याच्याकडे असेल त्याच्या पायाशी बसायचे, हीच आपल्या शहराची रीत होती.

माणिकराव आजन्म ब्रह्मचारी राहिले. आखाडा हेच त्यांचे घर आणि शिष्य हाच त्यांचा परिवार. आखाड्याच्या विद्येबरोबर हाडे बसवण्याची विद्याही येते. निखळलेला खांदा, मुरगळलेला पाय, मोडलेले मनगट यांवर ते उपचार करीत आणि त्यातही त्यांचे मोठे नाव होते.

‘प्रोफेसर’ या बिरुदाचा उलगडाही केला पाहिजे, कारण ते विद्यापीठातून आलेले नव्हते. त्या काळी व्यायाम, सर्कस, संगीत यांतल्या नामवंत उस्तादांना लोक आदराने प्रोफेसर म्हणत. शक्तीचे प्रयोग करणारे राममूर्ती प्रोफेसर होते आणि आपल्या बडोद्याचे गायक इनायत खाँ हेही प्रोफेसर म्हणवले जात. ‘राजरत्न’ हा किताब मात्र दरबारचा. तो महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिला.

आता मुख्य कामाकडे येऊ. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली भागात सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या राज्याला लागू केला. शाळांत मुले आली, आणि त्यांच्या व्यायामाचा प्रश्नही आला. आखाड्याची जुनी पद्धत या कामी उपयोगी नव्हती. आखाड्यात तांबडी माती असते, हौद असतो, वस्ताद एकेका पठ्ठ्याला समोर घेऊन शिकवतो आणि काही डाव तर अगदी निवडक शिष्यालाच देतो. पंधरावीस मुलांना हे जमते. शाळेत शेकडो मुले असतात, अर्धा तास मिळतो, साधने नसतात आणि अंगावर लंगोट नसून शाळेचे कपडे असतात.

हा प्रश्न त्या काळात जगभर अनेकांपुढे होता. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नाइस्मिथ यांच्यापुढे हिवाळ्यात बंद हॉलमध्ये कोंडलेला तरुणांचा एक वर्ग होता. त्यांनी पीचच्या दोन टोपल्या हॉलच्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या आणि बास्केटबॉल जन्माला आला. आपल्याकडे मद्रासला वायएमसीएने १९२० साली शारीरिक शिक्षणाचे कॉलेज काढले आणि तेथून तयार झालेले शिक्षक पाश्चात्त्य व्यायाम आणि खेळ घेऊन देशभर गेले.

माणिकरावांचे उत्तर निराळे होते. त्यांनी टोपली आणली नाही. हातात होती ती आखाड्याचीच विद्या त्यांनी वर्गात शिकवता येईल अशी मांडली. एकेक व्यायामप्रकार मोजून त्याचे टप्पे पाडले, प्रत्येक टप्प्याला अंक दिला आणि सगळ्या रांगांनी एकाच हुकुमावर एकाच वेळी तो करायचा अशी पद्धत बसवली. यालाच सांघिक व्यायाम म्हणतात. अशा पद्धतीत एक शिक्षक शंभर मुलांना हलवू शकतो, आणि ज्याची चूक होते तो रांगेत लगेच दिसतो. मुलांच्या दृष्टीने आणखी एक फायदा असा की अंगाने किरकोळ असलेला मुलगाही त्यात मागे पडत नाही. कुस्तीत तो रोज हरला असता. रांगेत तो इतरांच्या बरोबरीने उभा असतो.

आणि दुसरी गोष्ट, जी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती हुकुमांची. त्या वेळी शाळांतून ड्रिल शिकवायला बहुधा फौजेतून निवृत्त झालेले हवालदार असत. ‘अटेन्शन’, ‘राइट टर्न’ असे इंग्रजी हुकूम ते आपापल्या उच्चारात देत आणि मुले अर्थ न कळता वळत. माणिकरावांनी हे हुकूम हिंदीत बसवले. बडोदे हे गुजराती प्रजेचे आणि मराठी दरबाराचे राज्य. मराठीत हुकूम देणे माणिकरावांना सोपे होते, पण त्यांनी सगळ्या देशात चालेल अशी भाषा निवडली. परकीय सत्तेच्या काळात शंभर तरुण आपल्या भाषेतल्या हुकुमावर एका रांगेत उभे राहतात, याचा अर्थ सांगण्याची गरज नव्हती. १९२३ च्या काकिनाडा काँग्रेसच्या वेळी डॉ. ना. सु. हर्डीकरांनी हिंदुस्थानी सेवा दल उभारले. स्वयंसेवकांना देशी भाषेत कवायत शिकवायची वेळ आली तेव्हा बडोद्याचे हे काम त्या दलाच्या उपयोगी पडले.

शिक्षकाची परीक्षा शेवटी शिष्यांवरून होते. १९०७ च्या सुमारास जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक तरुण या आखाड्यात आला. जन्म आपल्याच डभोईचा, १८८३ चा. संस्कृतात हुशार, डोक्यात देशसेवेचे विचार. तीन वर्षे तो माणिकरावांकडे शिकला. पुढे नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडे त्याने योगाचे शिक्षण घेतले आणि १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखते. उड्डियान आणि नौली करताना शरीरात काय घडते हे यंत्रांच्या मदतीने तपासण्याचे त्यांचे पहिले प्रयोग १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्याच इस्पितळात झाले होते. १९३७ साली मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली तेव्हा तिचे अध्यक्षपद कुवलयानंदांकडे आले, आणि पुढच्या वर्षी कांदिवलीला शारीरिक शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. मुंबई इलाख्यातल्या शाळांच्या मैदानावर देशी व्यायामाला जी जागा मिळाली, तिच्यामागे दांडिया बाजारातली ती तीन वर्षे आहेत.

गुजरातेत हेच काम छोटुभाई पुराणी यांनी केले. तेही माणिकरावांच्या आखाड्यात घडलेले. गावोगावी व्यायामशाळा काढण्याची चळवळ त्यांनी गुजराती समाजात रुजवली. आमच्या गुजराती मित्रांना माणेकराव आपलेच वाटतात ते उगीच नाही.

त्या काळचे बडोदे सगळेच व्यायामाने भारलेले होते. हुतूतूचे नियम ठिकठिकाणी वेगळे होते तेव्हा येथील हिंदविजय जिमखान्याने ते नियमबद्ध करून १९२३ साली अखिल भारतीय स्पर्धा भरवली. दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी संपादित केलेल्या व्यायाम ज्ञानकोशाचे मराठीतले दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात येथेच निघाले. कुस्तीचे डाव, मल्लखांबाच्या उड्या, लाठी, बोथाटी, दांडपट्टा हे सारे त्यात नोंदवून ठेवले आहे. तोंडी चालत आलेली विद्या कागदावर आली. आम्ही आयुष्यभर बँकेत बसलेली माणसे. नोंद नसलेला व्यवहार कितीही खरा असला तरी कालांतराने बुडतो, एवढे आम्हाला पक्के ठाऊक आहे.

१९३९ मध्ये सयाजीराव महाराज गेले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. दरबाराच्या आश्रयावर उभ्या असलेल्या कितीतरी गोष्टी तेव्हा हलल्या. माणिकरावांनी हा सगळा बदल पाहिला. १९५४ साली ते गेले तेव्हा राजा नव्हता, किताब देणारा दरबार नव्हता, आणि त्यांच्यामागे मुलेबाळेही नव्हती. तरी आखाडा बंद पडला नाही. माणसावर उभी असलेली संस्था माणसाबरोबर जाते. ही पद्धतीवर आणि शिष्यांवर उभी होती.

आज आपली मुले विद्यापीठाच्या मैदानावर बास्केटबॉल खेळतात, क्रिकेटच्या कोचिंगला जातात, फी भरतात. त्यात काही वावगे नाही. माणिकरावांनीही काळ ओळखूनच आखाड्याची पद्धत बदलली होती. मात्र मुलगा संघात निवडला गेला नाही की त्याचा खेळ सुटतो, हे आपण घरोघरी पाहतो. निवडक दहाबाराच मुलांना तयार करणे हा एक मार्ग झाला. उरलेल्या शंभरांनाही रांगेत जागा असावी, हा माणिकरावांचा मार्ग. मुलांना शिकवणीला घालताना पालकांनी कोचला केवळ चषक किती मिळाले हे विचारू नये. मागे पडलेल्या मुलांचे तुम्ही काय करता, हेही विचारावे.

एक विनंती करून थांबतो. आपल्या मंडळातल्या अनेक घरांत आजोबा, पणजोबा या आखाड्यात जाणारे होते. त्यांचे फोटो, प्रमाणपत्रे, बिल्ले, एखादी जुनी जोडी किंवा लेझीम माळ्यावर पडलेली असेल. ती रद्दीत किंवा भंगारात देण्याआधी मंडळाच्या कार्यालयात दाखवावी. फोटोतल्या माणसांना ओळखणारी वडीलधारी मंडळी अजून आपल्यात आहेत, तोवर फोटोच्या मागे त्यांची नावे लिहून घेऊ या.