पन्नास पौंडांचा कॅमेरा

दिंडोशीत राहणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना चित्रनगरीची नवलाई उरलेली नाही. येता-जाता बसच्या खिडकीतून तिचा रस्ता दिसतो, कुणा नटाची गाडी आत वळताना दिसते, आणि पाटीवरचे दादासाहेब फाळके हे नाव वाचूनही न वाचल्यासारखे होते. १९७७ साली ही चित्रनगरी उभी राहिली आणि २००१ साली तिला दादासाहेबांचे नाव देण्यात आले. त्या नावाकडे माझे खरे लक्ष गेले ते मात्र एका फसलेल्या खरेदीमुळे.

आमच्या छायाचित्र मंडळाकडे १२० फिल्मचा एक जुना कॅमेरा आहे. एक कॅमेरा दहा जणांना पुरेना, म्हणून वर्गणी काढून आम्ही त्याच कंपनीची दुसरी बॉडी जुन्या बाजारातून घेतली. आणून पाहतो तो पहिल्या कॅमेऱ्याची फिल्मची पेटी तिच्यावर बसेना आणि भिंगही अडकेना. कंपनी एक, पण घडण निराळी! बॉडी कपाटात गेली. त्याच सुमारास फाळक्यांच्या आयुष्याविषयी वाचण्यात आले, आणि ध्यानात आले की शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या गृहस्थांनी आमच्यापेक्षा कितीतरी मोठी जोखीम पत्करून कॅमेऱ्याची खरेदी केली होती. फक्त त्यांनी ती डोळसपणे केली होती.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. विल्सन कॉलेजात त्यांना अध्यापकाची जागा मिळाली आणि कुटुंब मुंबईला आले. मुलाने शास्त्री व्हावे अशी घरची परंपरा होती, पण मुलाचा ओढा चित्रांकडे. १८८५ साली तो जे. जे. कलाशाळेत दाखल झाला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेला. तेथे चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचा नाद लागला आणि कॅमेरा हाती आला. तो अर्थातच स्थिर चित्रांचा. पण फाळक्यांचे वैशिष्ट्य असे की, केवळ चित्र टिपून त्यांचे समाधान होत नसे. काच धुणे, छाप काढणे, ठसे तयार करणे, रंगीत छपाई असे त्या चित्राचे सारे पुढचे संस्कार त्यांनी स्वतःच्या हाताने शिकून घेतले.

आयुष्य मात्र सरळ चालले नाही. गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचा धंदा मांडला, तर प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल दोन्ही गेले. १९०२ साली दुसरा विवाह झाला. गिरिजा करंदीकर ही मुलगी सरस्वतीबाई फाळके होऊन घरात आली. पुढे पुरातत्त्व खात्यातील नोकरी झाली, ती सोडून छापखाना झाला. १९०९ साली छपाईची यंत्रे पाहण्यासाठी फाळके जर्मनीला जाऊन आले. छापखान्याचा जम बसतो न बसतो तोच भागीदारांशी मतभेद झाले आणि चाळिशी उलटलेला हा माणूस रिकाम्या हाताने बाहेर पडला.

अशा दिवसांत, १९११ साली, गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता, आणि फाळक्यांच्या मनात राम आणि कृष्ण चालू लागले. त्यांनी लहानसे यंत्र आणि फिल्मच्या काही रिळा मिळवल्या व रात्र-रात्र घरच्या भिंतीवर चित्रे हलवून पाहिली. अतिश्रमाने डोळ्यांनी दगा दिला आणि काही काळ अंधत्व आले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परतली. दुसरा कुणी असता तर येथेच थांबला असता.

फाळक्यांनी आपल्या विम्याच्या बारा हजारांच्या पॉलिसी गहाण टाकून दहा हजारांचे कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनच्या बोटीवर चढले. विमा म्हणजे आपल्या पश्चात बायको-मुलांना आधार. तोच त्यांनी एका यंत्रासाठी डावावर लावला. मागे घरात मुले होती आणि मिळकत काहीच नव्हती. आज आपण त्यांना द्रष्टे म्हणतो. त्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय म्हटले असेल, ते सांगण्याची गरज नाही.

लंडनमध्ये ते ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या कचेरीत सरळ जाऊन उभे राहिले. संपादक केबर्न यांनी आधी त्यांना या भानगडीत न पडण्याचा सल्ला दिला. पाहुण्याचा निश्चय ढळत नाही असे पाहून मात्र तेच मदतीला धावले. त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांचा वॉल्टन येथील स्टुडिओ फाळक्यांनी आतून-बाहेरून पाहिला. आधी काम पाहिले, मग सामान घेतले. खरेदीचा हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पन्नास पौंडांना त्यांनी विल्यमसन कॅमेरा घेतला. एका पौंडाला पंधरा रुपये या तेव्हाच्या दराने हे साडेसातशे रुपये झाले, म्हणजे काढलेल्या कर्जाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. कॅमेरा ही या खरेदीतील एक वस्तू होती, सारी खरेदी नव्हे. कोडॅकची कच्ची फिल्म सांगायची होती. ती कडेला भोके न पाडलेली मिळे, म्हणून भोके पाडण्याचे यंत्र हवे होते. कॅमेऱ्याचे दात ज्या अंतरावर फिल्म पकडून खाली ओढतात, त्याच अंतरावर भोके पडली पाहिजेत. केसभर फरक झाला तर पडद्यावर चित्र थरथरते, नाहीतर फिल्मच फाटते. छपाईचे यंत्र, धुण्याची साधने, रसायने असा हा सगळा संसार एकमेकांशी जुळणारा हवा. छापखान्यात मुरलेल्या फाळक्यांना हे जुळणे म्हणजे काय ते पक्के ठाऊक होते. १ एप्रिलला ते परतले. मे महिन्यात सामान आले आणि चार दिवसांत त्यांनी ते स्वतः जोडून उभे केले.

आता प्रश्न भांडवलाचा. कुंडीत वाटाणे पेरून, त्यांचे उगवणे त्यांनी एकेक चौकट करीत महिनाभर टिपले. मिनिटभराच्या त्या ‘अंकुराची वाढ’ने सावकारांना पटवले. ‘राजा हरिश्चंद्र’चे काम दादरला सुरू झाले. कॅमेरा चालवायला त्यांनी त्र्यंबक तेलंग या मित्राला तयार केले. राहिली काळोख्या खोलीतली कामे. ती सरस्वतीबाईंनी उचलली.

दिवसा साऱ्या ताफ्याचा स्वयंपाक, आणि रात्री फिल्मला भोके पाडणे, रसायने मिसळणे, फिल्म धुणे. एक साधा हिशेब मांडून पाहावा. चित्रपटाची लांबी ३,७०० फूट. फुटाला सोळा चौकटी, आणि चौकटीला दोन्ही बाजूंची मिळून आठ भोके. म्हणजे एका प्रतीला पावणेपाच लाखांच्या आसपास भोके झाली. हे काम लाल दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात करायचे. चूक झाली तर दिवसभराचे चित्रण मातीमोल. लंडनच्या कोणत्याही दुकानात जे मिळाले नसते, ते फाळक्यांना घरातच मिळाले होते.

२१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी कॉरोनेशनमध्ये चित्रपट लोकांसमोर आला. पुढे नाशिकला बिऱ्हाड हलले. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ झाले. १९१४ साली फाळके पुन्हा लंडनला गेले, कारण वाढत्या मागणीला पुरतील इतक्या प्रती हाताने काढणे अशक्य झाले होते. तेथे हेपवर्थ यांनी मोठ्या पगारावर काम देऊ केले. ते नाकारून फाळके परतले, कारण हा धंदा त्यांना स्वदेशात उभा करायचा होता. तेवढ्यात महायुद्ध पेटले आणि पैसे देणाऱ्यांनी हात आखडला. तरीही ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ हे चित्रपट निघाले आणि गाजले. मग भागीदारांशी खटके उडाले, काशीचा मुक्काम झाला, पुनरागमन झाले. चित्रपट बोलू लागला आणि काळ पुढे सरकला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. ज्या धंद्याचा त्यांनी पाया घातला, तो तोवर त्यांना जवळजवळ विसरला होता.

आमची दुसरी बॉडी अजून कपाटातच आहे. तिच्यावर बसणारी पेटी मिळेपर्यंत मंडळाने एक ठरवले आहे. मंडळातल्या दोघींनी आणि एका मुलाने फिल्म धुण्याचे काम आधी शिकून घ्यायचे. परवा त्यांनी धुतलेली पहिली फिल्म दोरीवर वाळत होती. दोन चौकटींवर डाग होते, बाकीच्या स्वच्छ होत्या. घरी जाताना बस चित्रनगरीच्या फाट्याशी थांबली, तेव्हा पाटीवरचे नाव मी नीट वाचले, आणि त्याच्याशेजारी सरस्वतीबाईंचेही नाव मनातल्या मनात लिहिले.